‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’ एलपीवर : आठ महिन्यांनंतर

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या या अल्बमची १९७५ची गाणी मोबाइलवर ऐकून मला तोंडपाठ होती. तरी त्याची एलपी, म्हणजे ग्रामोफोनची मोठी तबकडी, घेतली. आठ महिन्यांत ती शंभरेक वेळा वाजली असेल, आणि आता वाटतं की आधी मी अर्धंच ऐकत होतो.

‘गुड कंपनी’चंच घ्या. त्यात क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट आहेत असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो अख्खा जॅझ बँड म्हणजे बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची एकटी गिटार! तीही त्यानं वडिलांच्या मदतीनं घरी बनवलेली. मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, आणि तारा छेडायला सहा पेन्सचं नाणं. एलपीवर यातलं एकेक ‘वाद्य’ सुटं ऐकू येतं. ‘सीसाइड रॉन्देव्हू’मध्ये तर गायक फ्रेडी मर्क्युरी आणि ड्रमर रॉजर टेलर फुंकून वाजवायच्या वाद्यांचे आवाज नुसत्या तोंडानंच काढतात, आणि टॅप डान्सचा ठेका बोटांत अंगुस्तानं घालून स्टुडिओतल्या मिक्सिंग डेस्कवर धरलाय. सुरुवातीच्या अल्बमांच्या वेष्टनावर हा बँड ‘सिंथेसायझर नाही’ असं छापायचा. तो अभिमान कशाचा, ते आता कळतं.

एक अडचण मात्र खरी आहे. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटाकडे येतं. तबकडीच्या मध्याजवळ सुईखालून चर सावकाश सरकतो, त्यामुळे बारकावे उमटायला जागा कमी पडते. नेमक्या ऑपेराच्या भागात, जिथे आवाजांवर आवाज चढवलेत, तिथे ‘स’ खरखरायचा. तीन महिने मी तबकडीलाच दोष देत होतो. मग कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते तो भाग, नीट कोनात बसवलं, सुईचा भार तपासला आणि खरखर जवळपास गेली. तबकडी परत करण्याआधी एवढं करून बघाच.

‘स्वीट लेडी’ मला अजूनही आवडत नाही. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ मात्र रात्री, दिवे मालवून. यातली हार्पही मेनंच वाजवलीय. पियानोवर फ्रेडी आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, फारुख बलसारा या मूळ नावानं शिकत असताना, ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्येही तो पियानोच वाजवायचा. दर वेळी सुई इथे आली की मला पाचगणीच्या टेबललँड पठारावरचा वारा आठवतो.

पांढऱ्या वेष्टनावरचं बोधचिन्हही फ्रेडीनंच रेखाटलेलं : सिंह राशीचे बासवादक डीकन आणि टेलर म्हणून दोन सिंह, कर्क राशीच्या मेचा खेकडा, आणि स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या. मोबाइलच्या पडद्यावर हे कधी दिसलंच नव्हतं.