जुन्या ट्रकच्या ब्रेकमधली हवा: कोणत्या पद्धतीने काढावी?

इंदूरच्या चोइथराम मंडीतून माल भरून खंडव्याकडे निघालेला जुना ट्रक सिमरोल सोडून भेरूघाटाच्या उताराला लागला, की ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली थोडीशी हवाही जाणवू लागते. ब्रेक ऑइल दाबाने जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र आकसते, आणि पेडलची निम्मी चाल तिला दाबण्यातच खर्ची पडते. ही हवा काढण्याच्या चार पद्धती प्रचलित आहेत. हा आढावा चारही चाकांना ड्रम, हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने चालणारे) ब्रेक आणि पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या जुन्या, हलक्या ट्रकच्या मालकासाठी आहे. एअर ब्रेकच्या मोठ्या गाड्यांना तो लागू नाही.

आधी दोष हवेचाच आहे का, हे पाहावे. पेडल मऊ लागून स्प्रिंगसारखे परत येत असेल, तर बहुधा हवा आहे. पाय दाबून ठेवला असता पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या सिलिंडरचे, रबर आतून गळत असते किंवा बाहेर कोठेतरी गळती असते. पहिल्या दाबाला खोल जाणारे आणि दोन-तीन वेळा मारल्यावर वर येऊन घट्ट होणारे पेडल बऱ्याचदा लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) आणि ड्रममधले अंतर वाढल्याचे सांगते, तेव्हा आधी ॲडजस्टमेंट करून घ्यावी.

सर्वांत रुळलेली पद्धत दोन माणसांची. इंजिन बंद ठेवून, चार-सहा वेळा ब्रेक मारून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवायचा. मग एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचे निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) उघडायचे, आणि पेडल सोडण्याआधी ते बंद करायचे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवले, की बुडबुडे स्पष्ट दिसतात. खर्च जवळजवळ नाही, आणि ऑइल जोराने जात असल्याने वळणांत अडकलेली हवाही निघते. तथापि जुन्या गाडीत या पद्धतीचा एक धोका फार कमी वेळा सांगितला जातो. रोजच्या वापरात पिस्टन मास्टर सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरतो; त्यापुढचा भाग वर्षानुवर्षे न घासल्यामुळे तेथे गंज आणि गाळ साचतो. निपल उघडे असताना पेडल थेट तळाला गेले, की रबराच्या कडा त्या खरखरीत भागावरून घासत जातात आणि काल चांगला असलेला मास्टर सिलिंडर आज गळू लागतो. माझ्या गाडीचे असेच झाले, आणि हवा काढायला गेलेल्या गाडीला नवा रबर किट घालावा लागला. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून चाल अर्धी केली, की हा धोका बराच कमी होतो. प्रत्येक मिस्त्रीकडे हा आग्रह धरावा, असे मी मनापासून सांगेन.

गुरुत्वाने ऑइल ठिबकू देण्याची पद्धत सर्वांत सौम्य आहे: ब्रेक ऑइलची टाकी भरलेली ठेवायची, एक निपल उघडायचे आणि वाट पाहायची. रबरावर ताण येत नाही आणि एकटा माणूस पुरतो. मात्र वेळ खूप लागतो, उंच वळणात अडकलेली हवा संथ प्रवाहाने हलत नाही, आणि ड्रम ब्रेकच्या काही मास्टर सिलिंडरांत थोडा दाब राखणारा जो व्हॉल्व्ह असतो, तो नुसत्या गुरुत्वाने मोकळी वाट देईलच असे नाही.

हाताच्या व्हॅक्यूम पंपाने निपलकडून ऑइल ओढून घेणे सोयीचे वाटते, पण ड्रम ब्रेकसाठी मी ते शेवटी ठेवेन. व्हील सिलिंडरमधल्या, म्हणजे चाकात लायनर ड्रमवर दाबणाऱ्या सिलिंडरमधल्या, रबरी कपांची रचना आतला दाब बाहेर जाऊ न देण्यासाठी असते. आतून जोराने ओढले तर त्यांच्या कडेवरून बाहेरची हवा आत येऊ शकते. शिवाय निपलच्या आट्यांतूनही हवा शिरते, त्यामुळे काम संपले तरी नळीत बुडबुडे दिसतच राहतात आणि कोठे थांबावे ते कळत नाही.

टाकीवर बसणाऱ्या झाकणातून दाब देण्याची पद्धत कामाच्या दर्जात सर्वांत सरस आहे. प्रवाह अखंड राहतो, पेडलला हात लावावा लागत नाही, आणि १० ते १५ पीएसआय एवढा माफक दाब पुरतो. अडचण झाकणाची आहे: जुन्या ट्रकच्या टाकीला तंतोतंत बसणारे झाकण सहजी मिळत नाही, आणि टायर भरायच्या कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरशिवाय सोडली तर जुनी प्लास्टिकची टाकी फुटू शकते. एकाच गाडीसाठी हा खटाटोप परवडत नाही. चार-पाच गाड्या असतील तर अवश्य करावा.

पद्धत कोणतीही असो, टाकीतले ऑइल तळाला जाऊ देऊ नये, नाहीतर सगळे काम पहिल्यापासून. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून लांबचे चाक आधी घेतात, म्हणजे उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या आपल्या गाड्यांत बहुधा मागचे डावे. चॅसिसवरच्या बूस्टरला वेगळे निपल असल्यास सहसा त्यापासून सुरुवात करतात, आणि कंपनीच्या मॅन्युअलमधला क्रम वेगळा असेल तर तोच पाळावा. निघालेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो; ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते, आणि घाटात तापलेल्या ड्रमजवळ हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

तेव्हा एकच जुनी गाडी असेल आणि सोबत भरवशाचा माणूस असेल, तर ठोकळा ठेवून दोन माणसांची पद्धतच घ्यावी. मास्टर सिलिंडर जुना असून रबर किट कधी बदलला ते आठवत नसेल, तर आधी तासभर गुरुत्वाने ऑइल उतरू द्यावे आणि नंतर पेडलचे मोजके हलके दाब द्यावेत; तरीही पेडल मऊ राहिले, तर हवा काढत बसण्याऐवजी मास्टर सिलिंडर उघडून पाहावा.