स्कोप चांगला, जाकीट घातक: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आक्षीच्या किनाऱ्यावर न्यायचा म्हणून स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने लांबचे पक्षी बघायची दुर्बीण, कपाटातून काढला. पांढऱ्या भिंतीकडे धरून आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) पाहिलं आणि पोटात गोळा आला. काचेच्या कडेने कोळिष्टकासारखे बारीक तंतू पसरले होते. बुरशी! सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर तयार होतं: "मॅडम, बुरशी वॉरंटीत बसत नाही. नवा आयपीस घ्या, ९,५०० रुपये." अख्खा स्कोप मी ३१,००० रुपयांना घेतलाय.

स्कोप २०-६० x ८०, म्हणजे २० ते ६० पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ८० मिमीचं, आणि तिरक्या आयपीसचा. गेल्या नोव्हेंबरात घेतला. निवडताना जे काही वाचलं ते बहुतेक शिकाऱ्यांनी लिहिलेलं. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे इथे हे यंत्र घेतात ते आम्ही पक्षीवाले, नाहीतर रायफल शूटिंगवाले. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क हरणं शोधणारा माणूस सांगतो की ६५ मिमीचा हलका स्कोप घ्या, कारण तो पाठीवर घेऊन चढायचा असतो. मला गाडीपासून पुळणीपर्यंत पाचशे पावलं चालायची असतात, म्हणून मी ८० मिमी घेतला आणि त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. पहाटे २० पटीवर ४ मिमीचा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो, ६० पटीवर तोच जेमतेम १.३ मिमी. ६० पट खोक्यावर छापायला बरी. ऊन चढलं की वाळूवरची हवा थरथरायला लागते, मग ३० च्या पुढे नुसतं पाणी हलताना दिसतं.

हिवाळा मात्र सोन्यासारखा गेला. छोटा वाळू चिखल्या की मोठा, हा वाद आम्ही वर्षानुवर्षं साध्या दुर्बिणीवर घालत होतो. जानेवारीत ओहोटीच्या वेळी दोन्ही एकाच चौकटीत उभे राहिले: एकाची चोच आखूड, दुसऱ्याची लांब आणि जाड. भाची माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, तरी ट्रायपॉड न हलवता तिलाही दिसलं. तिरका आयपीस घ्यावा तो यासाठी. शिवाय ट्रायपॉड कमी उंचीवर लावता येतो, म्हणून वाऱ्यात कमी थरथरतो.

आता त्या जाकिटाबद्दल. स्कोपसोबत जाड अस्तराचं कापडी जाकीट येतं. दोन्ही टोकांच्या चेन उघडल्या की बघायला सुरुवात, बाकी अंग झाकलेलं. रेती नाही, खारे तुषार नाहीत, गाडीत ओरखडे नाहीत. फेब्रुवारीत कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, या जाकिटासाठीच हा स्कोप घ्या. ते मी कधी उतरवलंच नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात शेवटची फेरी झाली, पाहुणे पक्षी उत्तरेला गेले, आणि स्कोप जाकिटासकट कपाटात गेला. जाकिटाच्या अस्तरातल्या फोमने किनाऱ्याची ओल धरलेली, त्यावर अलिबागचा पावसाळा.

आधी कंपनीवर भडकले होते. आत ओल राहू नये म्हणून नायट्रोजन भरलाय, वॉटरप्रूफ आहे असं लिहायचं, आणि वर बुरशी? पण पुण्यात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी आयपीस फिरवून सुटा केला आणि दाखवलं. स्कोपच्या अंगातली काच लख्ख होती. बुरशी होती ती आयपीसच्या खालच्या तोंडाला, जिथे तो अंगावर बसतो. नायट्रोजन अंगात बंद, पण या जोडातल्या फटीला त्याचं संरक्षण नाही. म्हणजे कंपनी खोटं बोलली नव्हती, हे मला मान्य करावं लागलं. काकांनी ७०० रुपयांत साफ केलं. बुरशीच्या आम्लाने काचेवरच्या पातळ लेपावर (कोटिंगवर) कडेला फिकट डाग राहिलाय, उन्हाकडे तोंड केलं की चित्र थोडं धुरकट होतं. ९,५०० रुपये मी देणार नाही.

आता स्कोप उघडा करून, टोपणं काढून, घट्ट झाकणाच्या पापडाच्या डब्यात ठेवते. सोबत ओल शोषणारे पाव किलो केशरी सिलिका जेलचे दाणे आणि साडेचारशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४५ टक्क्यांच्या आसपास राहतो. दाणे हिरवे पडले की जुन्या ओव्हनमध्ये तापवून परत केशरी करते. हे सगळं मिळून एका आयपीसच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही.

घेणाऱ्यांनी दुकानात आयपीस सुटा करून त्याचं खालचं तोंड बघावं, आणि जाकीट पूर्ण निघतं का तेही बघावं. माझं काढायला ट्रायपॉडची पट्टी सोडवावी लागते, म्हणून तर कोणी काढत नाही. माहितीपुस्तिका तीनदा वाचली. जाकीट कसं घालायचं याची चार चित्रं आहेत. पावसाळ्यात काढून ठेवा, हे एक वाक्य त्यात छापा, असं मी कंपनीला लिहिलंय. तीन आठवडे झाले, उत्तर नाही.