एरोजेलची चकती मागवली, घ्यावी का न घ्यावी

आधीच सांगतो, हे खेळणं नाही. पोराच्या वाढदिवसाला म्हणून मागवणार असाल तर राहू द्या, पंधरा मिनिटांत चुरा होणार, पोरगं भोकाड पसरणार आणि तुम्ही मला शिव्या घालणार.

एरोजेल म्हणजे जेलमधला द्रव काढून त्याच्या जागी हवा भरलेला, स्पंजासारखा सच्छिद्र आणि अतिशय हलका घन पदार्थ. मी घेतली ती सिलिका एरोजेलची, म्हणजे वाळू-काचेत असतो त्याच पदार्थाची चकती. पाचच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी, सेंटीमीटरभर जाड, प्लास्टिकच्या छोट्या डबीत फोममध्ये रुतवलेली. परदेशातून आली, शिपिंग धरून किंमत एवढी झाली की घरी मी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. डबी उघडून पांढऱ्या टेबलावर ठेवली तर आई म्हणाली, "अरे रिकामी डबी पाठवली की काय, परत कर." तिचं काही चुकलं नाही, पांढऱ्यावर ती दिसतच नाही धड. मग डबीखाली काळा कपडा घातला आणि बाजूने टॉर्च मारला, तेव्हा कुठे तो निळा रंग उठला. धुरकट, कडा नसलेला निळा. आणि तीच चकती उचलून ट्यूबलाइटच्या समोर धरली की पिवळसर. आकाश दुपारी निळं आणि मावळतीला तांबूस का, त्याचंच हे कारण, आतले सिलिकाचे कण एवढे बारीक की निळा उजेड जास्त विखुरतो आणि उरलेला पिवळसर पार निघून जातो. शाळेत हे वाचलं होतं, पण टेबलावर हातभर अंतरावर बघायची मजा वेगळीच. खरं तर माझे अर्धे पैसे इथेच वसूल झाले.

वजन म्हणाल तर किचनमधल्या काट्याने शून्यच दाखवलं. साहजिक आहे, साध्या एरोजेलचा घन सेंटीमीटर साधारण ०.१ ग्रॅम भरतो, आत ९५ टक्क्यांच्या आसपास नुसती हवा. हलकेच उचलली तर बोटांना काहीतरी आहे एवढंच कळतं, आणि नंतर बोटं अशी कोरडी पडतात की जणू तासभर फळ्यावर खडूने लिहिलंय. तो स्पर्श काही जणांना अजिबात सोसत नाही, माझ्या बायकोने एकदा हात लावला, परत नाही. टेबलावर बोटभर उंचीवरून सोडली तर मात्र काचेसारखा टणक आवाज येतो, ते मला अपेक्षित नव्हतं. एरवी हलक्या एरोजेलमधून आवाज सेकंदाला शंभरेक मीटरने जातो, म्हणजे हवेपेक्षाही हळू, घन वस्तू असून!

आता मेणबत्तीचा प्रयोग, कारण ते फोटो बघूनच सगळे ही वस्तू घेतात. (ते वर फूल आणि खाली बर्नरची ज्योत.) माझ्या चकतीचा एक कोपरा प्रवासातच तुटून आला होता, त्याबद्दल पुढे बोलतो, तर तो तुटका तुकडा चिमट्यात धरून वर मेणाचा बारका खडा ठेवला आणि खाली ज्योत. खडा बराच वेळ तसाच, शेवटी जो वितळला तो बाजूने गरम हवा वर आली म्हणून. गंमत अशी की उष्णता पुढे नेणारी हवाच आत भरलेली आहे आणि तरी उष्णता जात नाही, कारण आतली भोकं काही दहा-वीस नॅनोमीटरची, आणि हवेचा रेणू दुसऱ्या रेणूला धडकायच्या आधी साधारण ७० नॅनोमीटर धावतो, म्हणजे त्याला पळायला जागाच नाही, सारखा भिंतीवर आपटतो. रेणूने रेणूला उष्णता द्यायची ती साखळीच तुटते. एवढी साधी युक्ती. सोजर्नर, स्पिरिट, ऑपॉर्च्युनिटी ह्या मंगळावरच्या गाड्यांची पोटं रात्रीच्या थंडीत टिकली त्यात ह्याचा हात होता.

त्याच जळलेल्या तुकड्यावर मग मुद्दाम पाण्याचा थेंब टाकला. चांगल्या चकतीवर थेंब मोत्यासारखा गोल बसतो, कारण विकायच्या मालाला आतून मेथिल गटांचं (कार्बन-हायड्रोजनचे छोटे, पाण्याला दूर ठेवणारे गट) अस्तर दिलेलं असतं, पाणी आवडू नये म्हणून. पण तीन-चारशे अंशांच्या पुढे ते अस्तर जळून जातं, मग पाणी आत शिरतं आणि भोकांच्या भिंती एकमेकींवर ओढून सगळं पाडून टाकतं. डोळ्यादेखत तुकड्याचा पांढरा लगदा झाला. अख्ख्या चकतीवर हे करू नका, आधीच सांगतोय.

आणि हेच पाण्याचं ओढणं ही एरोजेल बनवण्यातली मुख्य कटकट आहे. जेल नुसतं वाळवलं तर आकसून तडकतं. सॅम्युअल किस्टलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९३१ साली ह्यावर तोड काढली, द्रव उकळू द्यायचाच नाही, दाब आणि तापमान इतकं वाढवायचं की द्रव आणि वायू हा फरकच राहत नाही, मग हळूच सोडून द्यायचा. आजकाल बऱ्याच ठिकाणी कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्याला ३१ अंश आणि ७३ वातावरणांचा दाब पुरतो. ऐकायला पुरतो, घरी मात्र कोणी प्रेशर कुकरमध्ये करायला जाऊ नका, खरंच. किंमत का एवढी, त्याचं उत्तर ह्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एवढा दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात आहे.

आपल्याकडे ह्या विषयावर काम झालंय हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एअर ग्लास लॅबोरेटरी नावाची प्रयोगशाळा, ए. वेंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाणी न धरणाऱ्या आणि चक्क वाकणाऱ्या सिलिका एरोजेलवर कितीतरी शोधनिबंध लिहिलेत. वाकणारं! माझी चकती वाकवायचा विचार जरी मनात आला तरी तडकेल. मला तर वाटतं तिथला एखादा तुकडा कोल्हापूरच्या एखाद्या विज्ञान केंद्रात तिकीट लावून ठेवला तरी लोक जातील.

पण मी ही वस्तू घेतली ती धूमकेतूसाठी. नासाचं स्टारडस्ट यान १९९९ च्या फेब्रुवारीत सुटलं, २ जानेवारी २००४ ला वाइल्ड २ ह्या धूमकेतूच्या जवळून गेलं, टेनिसच्या रॅकेटसारखी जाळी पुढे काढून, आणि जाळीच्या चौकटींत हेच, सिलिका एरोजेल. धुळीचे कण सेकंदाला ६.१ किलोमीटरने येऊन आपटत होते, धातूवर आपटले असते तर बहुतेक वाफ होऊन संपले असते, इथे ते आत शिरत शिरत थांबले आणि मागे गाजराच्या आकाराची भोकं सोडून गेले. १५ जानेवारी २००६ ला कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. बर्फाळ धूमकेतूत सूर्याजवळच्या प्रचंड उष्णतेत बनलेले स्फटिक सापडले, म्हणजे सुरुवातीच्या सूर्यमालेत माल आतून बाहेर पार लांबवर फेकला गेला होता. जाळीची दुसरी बाजू ताऱ्यांमधल्या अवकाशातली धूळ धरायला ठेवली होती, तिचे मायक्रोस्कोपचे फोटो हजारो सामान्य लोकांनी घरी बसून तपासले, आणि २०१४ मध्ये सात कण बहुधा सूर्यमालेबाहेरचे आहेत असं जाहीर झालं. सात! तेही 'बहुधा'. हे वाचल्यावर हातातल्या चकतीकडे बघायची नजरच बदलते हो. मी भिंगाने माझ्या चकतीत भोकं शोधली, एक हवेचा बुडबुडा सापडला.

झाडांचं पण आहे. २०२५ मध्ये शुभांशु शुक्लांनी स्पेस स्टेशनवर मूग आणि मेथी रुजवली ते आपण सगळ्यांनी पाहिलं, पण तिथे बंद, उबदार खोली आहे. मंगळावर काय करायचं? हार्वर्डच्या रॉबिन वर्ड्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की दोन-तीन सेंटीमीटर एरोजेलचा थर वर पसरला तर खालची जमीन बर्फ वितळण्याएवढी गरम राहू शकते, वेगळा हीटर न लावता, झाडाला लागणारा उजेड आत येतो आणि घातक अतिनील किरण बाहेर अडतात. भाच्याला सांगितलं तर तो लगेच, "मामा, आपण कुंडीवर ठेवूया." कुंडी चकतीच्या दसपट, विषय संपला.

आता विक्रेत्याबद्दल. कोपरा तुटला तो पॅकिंगमुळे, फोमचं भोक चकतीपेक्षा मोठं कापलेलं, आत चकती खुळखुळत आली. मेल केला तर उत्तर आलं की किरकोळ तडे ह्या वस्तूचा नैसर्गिक भाग आहेत. मागवताना "फुटलं तर बदलून मिळेल का" हे आधी लेखी विचारून घ्या. डबीवर रॉकेट आणि ताऱ्यांचं चित्र आहे, त्याने भुलू नका, माल कारखान्यातला आहे, कुठल्या यानाचा उरलेला नाही.

नुसते दाणे पण मिळतात, पुष्कळ स्वस्त, पाण्यावर टाकून थेंब गुंडाळायचा खेळ त्यात छान होतो, शाळेसाठी तेच घ्या. पाइपांना गुंडाळायचं एरोजेलचं ब्लँकेट मात्र घरात आणू नका, फार धूळ सुटते. ही सिलिका दगडखाणीतल्या धुळीसारखी स्फटिकी नाही, पण नाकात गेली की घसा कोरडा होतोच, चुरा झाडताना मास्क लावा आणि फडकं ओलं घ्या.

पाचपैकी चार. एक तारा पॅकिंगचा कापला. कॉलेजला फिजिक्स शिकवणाऱ्यांनी एक जरूर घ्यावी, काळा कापड आणि बाजूने उजेड, डबी बंदच ठेवून वर्गात फिरवावी.