वेळासचा घरगुती मुक्काम: कासवांच्या गावातील दोन दिवस

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ वसलेल्या वेळास गावात पर्यटक उतरतात ते गावकऱ्यांच्या राहत्या घरांत, आणि मार्चमधील माझे दोन दिवस अशाच एका कौलारू घरात गेले. पडवीत ओळीने घातलेल्या गाद्या, मागील दारी न्हाणीघर आणि चुलीवर तापवलेले पाणी एवढीच येथील सोय आहे. पानात मात्र तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, सोलकढी आणि घरच्या काकूंनी डोळ्यांदेखत कळ्या पाडून वळलेले उकडीचे मोदक होते. आम्हा नऊ जणांत एकच शौचालय असल्याने पहाटे निघताना बराच खोळंबा झाला; वृद्धांना बरोबर नेणाऱ्यांनी याची आधी चौकशी करावी.

एकेकाळी या किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूतून काढून विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली येथे संरक्षणाचे काम सुरू केले, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचे पैसे थेट गावातील घरांत येऊ लागल्यावर अंडी राखण्यात गावाचाही स्वार्थ गुंतला. आज मादी रात्री येऊन एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालून गेली, की गावातील कासवमित्र वाळूवरच्या खुणांवरून घरटे शोधतात आणि कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवण्यासाठी ती अंडी कुंपणातील उबवणी केंद्रात तेवढ्याच खोल पुरतात. पुढचे सुमारे पन्नास दिवस वाळूची ऊब आपले काम करते. पिल्लू नर होणार की मादी, हेही तीच ठरवते.

पहिल्या संध्याकाळी उबवणी केंद्रातील घरट्यावरची टोपली उचलली तेव्हा एकही पिल्लू वर आलेले नव्हते. "ताई, उद्या सकाळी नक्की या, वाळू बसायला लागलीय," असे कासवमित्र म्हणाले; आत पिल्ले हलू लागली की वरची वाळू खचते. दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास त्याच टोपलीखाली तळहाताहूनही लहान, काळपट अशी अकरा पिल्ले होती. ती पाण्यापासून काही अंतरावर सोडण्यात आली आणि दोरीमागे उभे राहून आम्ही त्यांची चाल पाहिली: चार पावले टाकून एक पिल्लू थांबले, मान उचलली, एवढ्यात लाटेने त्याला उलटे केले, आणि पुढच्या लाटेत ते सुलटे होऊन दिसेनासे झाले. तेवढ्यात कुणीतरी मुलाला पुढे ढकलून भ्रमणध्वनीचा झोत पाडला, याची मला अजून चीड येते.

पिल्ले दिसतीलच अशी हमी गावात कोणी देत नाही आणि कोणी मागूही नये. शनिवार-रविवार टाळून दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या तीन-चार फेऱ्या पदरात पडतात. जेवणाची वर्दी मात्र आदल्या दिवशीच द्यावी, कारण काकू माणसे मोजूनच नारळ फोडतात.