मॉस्को ते पीटर्सबर्ग क्रूझ म्हणून आम्हाला काय विकलं

रशियातल्या नदीवरच्या क्रूझच्या जाहिराती सध्या पुन्हा व्हॉट्सअॅपवर फिरायला लागल्या आहेत. मॉस्कोला बोटीत बसा, व्होल्गाकाठची जुनी शहरं बघत पीटर्सबर्गला उतरा, सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि शाकाहारी जेवण. अशीच एक सहल पुण्यातल्या एका एजंटाकडून घेऊन आम्ही २०२४ च्या जूनमध्ये गेलो होतो. पैसे घेतले एका सहलीचे आणि दिली वेगळीच. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे एजंटाचं नाव इथे लिहीत नाही. फसवण्याची रीत मात्र सविस्तर लिहिते, कारण तीच रीत कुणीही, कुठल्याही नावाने वापरू शकतो.

माहितीपत्रकावर सर्वांत मोठ्या अक्षरांत नाव होतं अफानासी निकीतिनचं. पंधराव्या शतकात त्वेरहून निघून चौलच्या बंदरात उतरलेला आणि पावसाळ्यात जुन्नरला मुक्काम केलेला हा रशियन व्यापारी. मी इतिहास शिकवला आहे, आमच्या गटातले निम्मे लोक जुन्नर-नारायणगावकडचे. रेवदंड्याला निकीतिनच्या नावाचा स्तंभ आहे, तोही आम्ही पाहिलेला. 'आपल्या जुन्नरला आलेल्या निकीतिनच्या गावाहून थेट पीटर्सबर्ग' असं वाचल्यावर आमच्यासारख्यांचा पाय निघणारच. आपण कशाने भुलतो याचा अभ्यास करून ते पत्रक छापलं होतं, असं माझं आज ठाम मत आहे.

आता नकाशा उघडून बघा. मॉस्कोहून निघालेली बोट १२८ किलोमीटरच्या मॉस्को कालव्यातून जाते आणि दुब्नाजवळ व्होल्गाला लागते. त्वेर तिथून वरच्या अंगाला आहे, आणि पीटर्सबर्गला जाणारी बोट दुब्नाहून खालच्या अंगाला वळते. त्वेरला जाणाऱ्या क्रूझ आहेत, पण त्या वेगळ्या. म्हणजे ज्या नावावर ही सहल विकली, ते गाव तिच्या वाटेवरच नव्हतं.

पत्रकात असं बरंच होतं. 'सकाळी यारोस्लाव्ल, संध्याकाळी किझी बेट' हे त्यातलंच. यारोस्लाव्लहून मागे फिरून रिबिन्स्कचं लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारं दारांचं दालन), तिथला अथांग जलाशय, शेक्स्ना नदी, श्वेत सरोवर, मग १९६४ साली सुरू झालेला व्होल्गा-बाल्टिक जलमार्ग, आणि एवढं झाल्यावर ओनेगा सरोवर लागतं. किझी त्या सरोवरात आहे. नदीतली बोट हे अंतर एका दिवसात कापूच शकत नाही. मांद्रोगी हे लाकडी घरांचं पर्यटकांसाठी उभारलेलं गाव स्वीर नदीवर, ओनेगा आणि लादोगा या दोन सरोवरांच्या मध्ये आहे. पत्रकात ते मॉस्कोपासून दुसऱ्या दिवशी दाखवलं होतं. 'बोट क्रेमलिनसमोर उभी असेल' असंही छापलं होतं. क्रेमलिनसमोरून जातात त्या तासा-दोन तासांच्या शहरफेरीच्या छोट्या बोटी. लांब पल्ल्याच्या बोटी सुटतात उत्तरेकडच्या नदी बंदरातून, खिम्कीच्या जलाशयावरून. ज्याने ही क्रूझ एकदा तरी खरोखर भरून पाठवली आहे, त्याच्या हातून असं पत्रक निघणार नाही.

माणशी २ लाख ४० हजार रुपये घेतले. त्यावर ५ टक्के टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या रकमेवर एजंटाने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, म्हणून माणशी १२ हजार वेगळे. व्हिसासाठी 'निमंत्रणपत्र आणि दूतावास शुल्क' म्हणून आणखी एक रक्कम. भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून मिळतो आणि त्याला निमंत्रणपत्र लागत नाही. आमच्या हातात पडला तो ई-व्हिसाच. निमंत्रणपत्र मागितलं तर 'ते सिस्टिममध्ये असतं मॅडम, प्रिंट येत नाही' असं उत्तर मिळालं.

निघण्याच्या आधी आम्ही बोटीचं नाव आणि केबिनचा नंबर दोन-तीनदा विचारला. 'ग्रुप अलॉटमेंट आहे, केबिन चेक-इनला मिळेल.' व्हाउचरवर बोटीच्या नावाच्या जागी 'चार डेकची डीलक्स बोट किंवा समकक्ष' एवढंच लिहिलं होतं. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की या एका ओळीवर थांबा. रशियातल्या नदीवरच्या प्रत्येक प्रवासी बोटीला नाव असतं, आणि मोसमाच्या आधीच तिचं पूर्ण वेळापत्रक जाहीर होतं: कुठल्या तारखेला कुठून सुटणार, कुठल्या गावाला किती वाजता लागणार, किती तास थांबणार. बोटीचं नाव आणि तारीख एवढं हातात असलं की घरबसल्या सगळं पडताळता येतं. नाव न देण्याचं खरं कारण हेच होतं.

मॉस्कोत उतरल्यावर बोट नव्हती, हॉटेल होतं. टूर मॅनेजर पंचविशीतला मुलगा, तो स्वतः रशियात पहिल्यांदाच आलेला. 'व्होल्गाला पाणी कमी आहे काकू, बोट उशिरा येतेय,' असं तो रोज सांगायचा. शेवटी एका संध्याकाळी आम्हाला बंदरावर नेलं आणि बोटीत बसवलं. केबिन सगळ्यात खालच्या डेकवर, पाण्याच्या जेमतेम वर असलेल्या गोल खिडकीची. पैसे घेतले होते मधल्या डेकच्या मोठ्या खिडकीचे. जेवणात उकडलेले बटाटे, काकडी, कुट्टूचा भात, पाव. सगळ्या सूचना आणि गाइड फक्त रशियन भाषेत. त्यातही आम्ही खूश होतो, कारण नदी खरी होती. काल्याझिनजवळ पाण्यातून वर आलेला घंटाघराचा मनोरा दिसला. १९३९-४० मध्ये धरणाच्या जलाशयाखाली जुनं गाव गेलं आणि चर्चचा हा मनोरा तेवढा राहिला. डेकवर सगळे गप्प होऊन बघत होते. आपल्याकडे कोयना-उजनीत गावं गेलेली माणसं आमच्या गटात होती, त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी उग्लिच. रशियाचा झार इवान द टेरिबलचा आठ वर्षांचा मुलगा दिमित्री १५९१ साली जिथे मेला, ते हे गाव. त्या जागी १६९२ सालचं लाल भिंतींचं, निळ्या घुमटांचं चर्च नदीच्या काठावरच उभं आहे. मुलगा मेला तेव्हा जी घंटा बडवली गेली, तिची जीभ काढून तिला शिक्षा म्हणून सैबेरियात तोबोल्स्कला पाठवलं होतं. ती १८९२ मध्ये परत आणली, आणि आता ती याच चर्चमध्ये आहे. हे मी गटाला सांगत होते, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

सगळं उघडं पडलं ते उग्लिचच्या धक्क्यावर. या नद्यांवर धक्का लहान असला की बोटी एकीला एक लावून उभ्या करतात. बाहेरच्या बोटीतल्या लोकांना आतल्या बोटीच्या लॉबीतून चालत काठावर जावं लागतं. आमची बोट बाहेरची होती. गावातून परतताना आतल्या बोटीच्या लॉबीत भिंतीवर तिचा कार्यक्रम लावलेला दिसला. निघण्याआधी मी रशियन अक्षरं शिकून घेतली होती, त्यामुळे वाचता आलं: उग्लिच, यारोस्लाव्ल, गोरित्सी, किझी, मांद्रोगी, सांक्त पीटर्सबर्ग. तारखा त्याच आठवड्याच्या. काउंटरवरच्या मुलीला थोडं इंग्रजी येत होतं. ती म्हणाली, हो, आज संध्याकाळी आम्ही यारोस्लाव्लकडे निघतोय.

तोपर्यंत आमच्या टूर मॅनेजरने गटाला सांगून झालं होतं की पाणी कमी असल्याने पुढचं लॉक बंद आहे आणि आपल्याला इथूनच मॉस्कोला परतावं लागणार. मी तशीच आमच्या बोटीच्या रिसेप्शनवर गेले आणि आमचं तिकीट दाखवायला सांगितलं. त्यावर मार्ग छापलेला होता: मॉस्को–उग्लिच–मॉस्को. मार्ग बदलला वगैरे काही नव्हतं. ही शनिवार-रविवारला मॉस्कोचे लोक हवापालटाला घेतात ती छोटी फेरी, आणि आमच्यासाठी पहिल्यापासून तीच काढलेली होती. मी त्या तिकिटाचा आणि आतल्या बोटीच्या भिंतीवरच्या कार्यक्रमाचा फोटो काढला. आज आमच्या तक्रारीचा कणा म्हणजे ते दोन फोटो आहेत.

पाण्याच्या सबबीबद्दल थोडं सांगते, कारण ती पुढेही वापरली जाईल. व्होल्गाला उथळ पाण्याचा त्रास खरोखर आहे, पण तो बराच खालच्या अंगाला, गोरोदेत्स गावाच्या पुढे निझ्नी नोव्हगोरोद शहराकडे जाताना. मॉस्को–पीटर्सबर्गची बोट तिकडे जातच नाही. शोध घेतला तर 'व्होल्गावर पाणी कमी' अशी बातमी मिळते आणि माणूस गप्प बसतो. खोट्यात थोडं खरं मिसळून दिलं की ते पचतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पीटर्सबर्गला आम्हाला रात्रीच्या रेल्वेने नेलं. किझीचं १७१४ सालचं, बावीस घुमटांचं लाकडी चर्च आम्ही पाहिलं नाही. गोरित्सीजवळचा १३९७ पासूनचा किरिलो-बेलोझेर्स्की मठ पाहिला नाही. यारोस्लाव्लही नाही. आमच्या गटातल्या एका आजोबांना गुडघ्यांमुळे पुन्हा एवढा प्रवास जमणार नाही. हे नुकसान रुपयांत कसं मांडायचं?

त्यात आणखी पैशांची लूट. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांनी मार्च २०२२ मध्ये रशियातलं काम बंद केलं, तेव्हापासून आपली कार्डं तिथे चालत नाहीत. आपल्याजवळ असतात ते डॉलर. टूर मॅनेजरने 'बँकेत रांग असते' म्हणून सगळ्यांचे डॉलर गोळा केले आणि स्वतः ठरवलेल्या भावाने रूबल दिले. हॉटेलशेजारच्या बँकेतला भाव आणि त्याचा भाव यांत चांगलाच फरक निघाला. पासपोर्ट घेऊन बँकेत स्वतः जा, काम सरळ होतं.

विमानतळावर निघताना एक 'फीडबॅक फॉर्म' भरून घेतला. वर जेवण-हॉटेलला गुण द्यायचे, आणि खाली बारीक इंग्रजीत वाक्य: बदललेला कार्यक्रम मला मान्य असून माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. थकलेल्या ज्येष्ठांनी सह्या केल्या. तेच कागद आता आयोगापुढे आमच्याविरुद्ध ठेवले आहेत. परत आल्यावर एजंटाने प्रत्येकाला पुढच्या व्हिएतनाम सहलीवर सवलतीचं कूपन देऊ केलं, तेही 'पूर्ण समाधान' असं लिहून दिलं तर. असं काहीही लिहून देऊ नका.

टीसीएसची गोष्ट तर मला सर्वांत जास्त संतापाची वाटते. एजंटाने हा कर घेतला, तर तो आपल्या पॅनवर भरलेला दिसला पाहिजे. आयकर खात्याच्या साइटवर जाऊन आपला फॉर्म २६एएस उघडा. आमच्या २६एएसमध्ये त्याची एकही नोंद नव्हती. फॉर्म २७डी, म्हणजे टीसीएस घेतल्याचं प्रमाणपत्र, मागितलं तर महिनोन्‌महिने टोलवाटोलवी झाली. सरकारच्या नावाने घेतलेले पैसे खिशात गेले. परदेश सहल कुणाकडूनही घेतली असली तरी ही नोंद एकदा बघाच. बुकिंगची रक्कम कंपनीच्या चालू खात्याऐवजी कुणा व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात मागितली, तर तिथेच थांबा. आमच्या गटातल्या काहींकडून तशी घेतली गेली आणि आता ती दाखवणं कठीण जातंय.

तक्रार कशी केली हेही सांगते, कारण बरेच जण 'आता कोर्टकचेऱ्या कोण करणार' म्हणून सोडून देतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. एजंटाने तिथे उत्तरच दिलं नाही. मग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार टाकली. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत मात्र घटना घडल्यापासून दोन वर्षांची, ती चुकवू नका. सोबत मूळ पत्रक, पावत्या, व्हाउचर, व्हॉट्सअॅपचे संदेश आणि ते दोन फोटो जोडले. ज्यांनी सह्या केल्या नव्हत्या अशा चौघांनी प्रतिज्ञापत्रं दिली. सह्या केलेल्यांपैकी दोघांनीही, फॉर्म वाचायला वेळ दिला नव्हता असं लिहून दिलं. त्यांचं मला विशेष कौतुक वाटतं.

निकीतिनचं नाव छापलेलं ते पत्रक त्यांनी नंतर बदललं. नव्या प्रतीत त्वेर नाही आणि 'मार्ग बदलू शकतो' हे वाक्य मोठं झालं आहे. त्यांचं म्हणणं आहे की आम्हाला दिली ती हीच प्रत. २०२४ च्या जानेवारी ते मार्च दरम्यान पुण्यात किंवा नारायणगावात वाटलेली जुनी, निळ्या रंगाची प्रत कुणाकडे असेल तर कृपया जपून ठेवा आणि मला कळवा. पुढच्या तारखेला आयोगापुढे ती हवी आहे.