टेकन ८: ह्वोआरंगच्या लाथा खाऊन लिहिलेला अनुभव

टेकन ८ या मारामारीच्या व्हिडिओ गेमची डिस्क विकायची जाहिरात मी परवा काढून टाकली. एक जण तर वर्तकनगरला येऊन घेऊन जायला तयार होता, त्याची माफी. जानेवारीत मी ओळखीतल्या सगळ्यांना ‘हा गेम घेऊ नका’ म्हणून सांगत सुटलो होतो. आता म्हणतो, घ्या. पण सेल लागल्यावर घ्या, आणि पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल) असेल तर डिस्कच घ्या, म्हणजे नाही पटलं तर निदान काही पैसे परत येतात.

ग्राफिक्स आणि कथा यावर मी काही लिहिणार नाही, ते तुम्ही पाहिलेलं असणार. माझा प्रश्न एकच होता: ह्वोआरंग या लाथा मारणाऱ्या पात्राचं करायचं काय? माझा भाचा कोपरखैरण्याला राहतो आणि ह्वोआरंग खेळतो. मी ठाण्यात, पॉल खेळतो. रात्री जेवणं उरकली की ऑनलाइन बसतो, आणि हा पोरगा पहिल्या सेकंदापासून अंगावर येतो.

ज्यांनी ह्वोआरंग भोगलाय त्यांना सांगायला नको. एक लाथ अडवली की दुसरी येते, तीही अडवली तर गडी एक पाय हवेत ठेवून उभा राहतो, आणि तिथून वेगळ्याच लाथा सुरू होतात. आपली पाळी कधी आली आणि कधी गेली, पत्ता लागत नाही. त्यात हीट, म्हणजे हल्ल्याला जोर देणारी अवस्था. प्रत्येक राउंडला एकदा, साधारण दहा सेकंद, आणि तेवढ्या वेळात ब्लॉक केलं तरी लाइफ थोडी थोडी जातच राहते. बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं होतं की या भागाचा सगळा भर आक्रमक खेळावर आहे. म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही. अडवून अडवून समोरच्याला दमवणाऱ्या माझ्यासारख्या माणसासाठी हा गेमच नाही, असं माझं मत झालं. जाहिरात तेव्हाचीच.

मत बदललं ते रीप्लेच्या मेनूमुळे. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर खाली सरका.

आपली हरलेली मॅच लावायची. मॅच चालू असताना स्क्रीनवर सूचना येत राहतात: हा फटका अडवल्यावर तुला अमुक मारता आलं असतं, इथे बसला असतास तर लाथ डोक्यावरून गेली असती. आणि तिथेच बटण दाबलं की त्या क्षणापासून खेळ आपल्या हातात. भाच्याने मला भिंतीला चिकटवलंय, तीच लाथ येतेय, पण आता मी खेळतोय. नाही जमलं तर परत मागे. पुन्हा तीच लाथ. घरचे म्हणाले, हरलेली मॅच कोण परत परत बघतं? मी बघतो.

आठवडाभरात एक गोष्ट लख्ख दिसली. ज्याला मी न थांबणारं वादळ समजत होतो, त्यातल्या बऱ्याच लाथा ‘हाय’ आहेत. उभ्या माणसाला लागतात, बसलेल्याच्या डोक्यावरून जातात. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या ठरलेल्या फटक्यांत, हाय नेमकी कुठे आहे ते पाठ केलं की तिथे बसायचं आणि उठता उठता हाणायचं. दुसरं, तो पाय वर करून उभा राहतो तेव्हा घाबरून ब्लॉक धरून ठेवायचा नाही. तिथे बसल्या बसल्या एक जॅब, म्हणजे झटपट ठोसा, द्यायचा. गेम सेकंदाला ६० फ्रेमवर (म्हणजे ६० चित्रांवर) चालतो आणि हा जॅब १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. नुकसान अगदी फुटकळ, पण त्याची लय तुटते. पहिल्यांदा जमलं तेव्हा माइकवरून आवाज आला, “मामा, हे तुला कोणी शिकवलं?”

पण सूचनांवर आंधळा विश्वास ठेवू नका. सूचना स्ट्रिंग पूर्ण होणार असं धरून चालते. भाचा पूर्ण करतोच असं नाही. मी बसायला शिकलो तसा तो मध्येच थांबून ‘मिड’, म्हणजे मधल्या उंचीची लाथ, मारायला लागला, आणि बसलेल्याला मिड खावीच लागते. तिथे कामाला आला घोस्ट. गेम प्रत्येकाच्या खेळण्यावरून त्याचा एक नकली खेळाडू तयार करतो, तो उतरवून घेता येतो. भाच्याचा घोस्ट मी घेतला आणि तो झोपलेला असताना त्याच्याशी खेळत बसलो. त्याच्या खोडी तशाच उतरल्या होत्या: पाडलं की उठताना लाथ, भिंत जवळ आली की खालून. त्याला हे अजून सांगितलेलं नाही.

लाहोरचा नावाजलेला टेकन खेळाडू अर्सलान ॲश याच्या मॅच बघ, बचाव शिकशील, असं सगळे सांगतात. २०१९ मध्ये त्याने जपानची आणि अमेरिकेची, दोन्ही इव्हो (मारामारीच्या गेमच्या मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. बघितल्या. तो बाजूला सरकतो ते दिसतं, का सरकतो ते मला कळत नाही. माझ्यासारख्याने रीप्लेच बघावेत.

आणि हो, प्रॅक्टिसमध्ये फ्रेम डेटा फुकट आहे. टेकन ७ मध्ये तोच वेगळे पैसे मोजून घ्यावा लागायचा. कोणता फटका अडवल्यावर समोरचा सावरायला किती फ्रेम मागे राहतो ते आकड्यात दिसतं. दहा किंवा जास्त फ्रेम मागे राहिला तर जॅब लागणारच, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं भय जातं.

मग एप्रिल २०२५ आला. दुसऱ्या सीझनच्या अपडेटने हल्ला करणाऱ्यांना आणखी बळ दिलं, शिकलेलं अर्धं वाया गेलं असं वाटलं आणि मी परत जाहिरातीचा भाव कमी केला. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर लोकांनी निगेटिव्ह रिव्ह्यूंचा इतका मारा केला की बनवणाऱ्यांना त्याच महिन्यात घाईने दुरुस्ती काढावी लागली. सगळं सुधारलं नाही. पण बसणं आणि जॅब अजून चालतात.

मध्ये पॅडचं, म्हणजे हातातल्या कंट्रोलरचं, खालचं बटण दबेना. ज्या माणसाचा सगळा बचाव खाली बसण्यावर, त्याचं नेमकं तेच बटण! सर्व्हिस सेंटरवाल्याने उघडूनही न बघता नवीन घ्या म्हणून सांगितलं. स्टेशनजवळच्या मोबाइल रिपेअरवाल्याने पॅड खोलून आतलं रबर साफ करून दिलं, किरकोळ पैशात, माझ्यासमोर. पावसाळ्यात पॅड उघड्यावर ठेवू नका, इतकंच तो म्हणाला.

भाच्याने आता किंग हे पकडी मारणारं पात्र घेतलंय. त्याच्या पकडी सोडवायला त्याचा कुठला हात पुढे येतो ते बघून डावं, उजवं किंवा दोन्ही बटणं दाबायची असतात. सध्या मी अंदाजाने दाबतो. रीप्ले चालू आहेत.

खर्चाचं शेवटी. पीएस५वर ऑनलाइन खेळायला वर्गणी वेगळी. गेममधलं पात्रांच्या कपडे-टोप्यांचं दुकान गेम आल्यानंतर मागाहून उघडलं, तिकडे फिरकू नका. आणि एडी गोर्डो हे पात्र मूळ ३२ जणांत नाही, एप्रिल २०२४ मध्ये तो वेगळा विकायला आला. नौपाड्यातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टेकन ३ खेळताना आम्ही एडी घ्यायला बंदी घातली होती, कारण कोणीही नुसती बटणं बडवून जिंकायचं. त्याच माणसासाठी मी आता पैसे देणार नाही.