रिको जीआर ३: दादरच्या फुलबाजारात आठ महिने वापरल्यावर

मी रोज डोंबिवलीहून दादरला येते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बिलिंगला बसते. स्टेशनबाहेर पडलं की फुलबाजार लागतो, अकरा वर्षं त्याच गर्दीतून नाक दाबून पळायचे कारण नऊला पंच करायचं असतं. दिवाळीच्या बोनसमध्ये थोडी भर घालून हा कॅमेरा सेकंड हँड घेतला आणि आता आधीची लोकल पकडते, तेवढी वीस मिनिटं बाजारात मिळावीत म्हणून.

कॅमेरा २०१९ चा आहे. बॅटरी-कार्ड धरून २५७ ग्रॅम, कुर्त्याच्या खिशात मावतो, आणि एवढ्याशा डबीत मोठ्या कॅमेऱ्यांमध्ये असतो तो एपीएस-सी आकाराचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग), २४ मेगापिक्सेल. झूम नाही, २८ एमएमची एकच वाइड लेन्स, म्हणजे समोरचं बरंच काही फोटोत मावतं. जपानचे फोटोग्राफर दाइदो मोरियामा याच जीआर मालिकेतले कॅमेरे घेऊन टोकियोच्या रस्त्यांवर फिरायचे हे वाचलं होतं, पण मला खरं कारण खिशाचं होतं, कारण मोठा कॅमेरा टिफिन आणि छत्रीसोबत रोज कोण नेणार.

याची खरी गंमत आहे स्नॅप फोकस. आधीच अंतर ठरवून ठेवायचं, समजा २ मीटर, आणि बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, थेट त्या अंतरावर फोटो घेतो. उन्हात एफ ८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवलं तर साधारण १ मीटरपासून पार मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्वच्छ येतं. पण सकाळी फ्लायओव्हरखाली अंधार, पिवळे बल्ब, तिथे जास्त प्रकाशासाठी छिद्र एफ २.८ पर्यंत मोठं उघडावंच लागतं आणि मग नीट फोकसमध्ये असतो फक्त दीड ते तीन मीटरचा पट्टा. पहिले दोन महिने माझे निम्मे फोटो ब्लर होते. स्टॅबिलायझेशन आहे ना मग काय, असं वाटत होतं, पण ते आपला हात हलला तर सांभाळतं, समोरचा पाटीवाला धावतोय त्याला ते काय करणार! आता शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेत नाही, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत जाऊ देते, थोडे दाणे येतात, मला चालतात. आणि अंतर आता पायांना कळतं, माणूस दोन मीटरवर आला की आपोआप थांबते.

व्ह्यूफाइंडर नाही, कॅमेरा छातीशी धरून स्क्रीनकडे बघायचं. फोन वर केला की लोक केस सारखे करतात, हसतात, इथे कोणाचं लक्षही जात नाही, शटरचा आवाज जवळजवळ नाहीच. म्हणूनच जबाबदारी वाढते असं मला मनापासून वाटतं. एकदा शेवंतीवाल्या मावशी चिडल्या, न विचारता काय काढतेस म्हणून, त्यांच्यासमोर डिलीट केला, माफी मागितली. तेव्हापासून फोटो काढला की थांबून दाखवते, नको म्हटलं की पुसते. लॅबमध्ये तर कॅमेरा बॅगेतून बाहेर येतच नाही. पण बघायची सवय सुटत नाही. परवा एक आजोबा रिपोर्टचं पाकीट दोन्ही हातांनी धरून उभे होते, उघडायचं का नाही ते ठरत नव्हतं त्यांचं. अशी पाकिटं मी रोज शंभर देत असेन. त्या दिवशी खुर्चीतून उठून दिलं त्यांना पाणी.

गैरसोयी आहेतच. बॅटरी कंपनीच्याच आकड्यानुसार साधारण २०० फोटोंची, जास्तीची एक जवळ ठेवा, यूएसबी-सी असल्यामुळे पॉवर बँकवरही चार्ज होते. वॉटरप्रूफ नाही, जूनपासून माझा झिपच्या पिशवीत असतो. फ्लॅश नाही. आणि २८ एमएम म्हणजे माणसाच्या जवळ जावंच लागतं, लाज वाटत असेल तर ४० एमएमवाला जीआर ३ एक्स बघा, मी मात्र हाच घेईन परत.

गजरेवाल्या ताई कोपरापासून बोटांपर्यंत गजरा मोजतात तो फोटो माझा सगळ्यात आवडता, त्याची ४x६ प्रिंट त्यांना दिली. मला वाटलं स्वतःला बघतील, त्यांनी आधी मागे अर्धवट आलेल्या हमालावर बोट ठेवलं, "हा तर गावाला गेला, आलाच नाही परत." फोटो पदराला पुसून पैशाच्या डब्यात ठेवला. आता आणखी एक कॉपी मागितलीय, त्याच्या घरी पाठवायला. मोठी नको म्हणाल्या, पाकिटात मावली पाहिजे.